रकान्याभायेरची सही

माझी पोरगी डाक्टरकी शिकत होती तवाची गोष्ट. शेवटच्या वर्साला तिला समुद्रापल्याडच्या एका बेटावर, तिथल्या दवाखान्यात, दोन म्हैने शिकाय पाठवायचं ठरलं. ती गेली. भावकीत अजून कुणी कुणी म्हणतं, चुलत्यानं पाठवली. चुलत्यानं न्हाय पाठवली. म्हणून मी सांगते.

आमी मूळचं मेंढरंवालं. दिवाळी झाली की आमचा वाडा कोकणात उतरायचा. वाडा म्हंजी घर न्हवं. मेंढरं, घोडी, कुत्री, पोरं आन् घोड्याच्या पाठीवर बांधलेला सगळा परपंच, त्याला आमी वाडा म्हणतो. पाऊस तोंडावर आला की माघारी देशावर. पोरगी झाली ती बी वाटंवरच, घाटाखाली एका पडीक रानात. संग तीन बायका होत्या. मेंढरं कातरायच्या कातरीनं नाळ कापली, आन् तिसऱ्या दिवशी मी परत घोड्यामागं चालाय लागले.

ती सहा वर्साची झाली तवा मी म्हणलं, हिला शाळेत घाला. शाळा गावात, आमी रानात. म्हणून ती माझ्या थोरल्या दिराकडं ऱ्हायली. त्यास्नी सगळं गाव तात्या म्हणायचं, आमी बी तात्याच म्हणायचो. शाळेत नाव घालायच्या दिवशी आमचा वाडा अजून वाटंतच होता. गुरुजींनी इचारलं, बापाचं नाव? तात्यांनी आपलं सांगितलं. तवा त्येंच्या मनात खोट न्हवती, हे मी बी मान्य करते. घरचा कर्ता त्येच. रेशनकार्डावर त्येच, सातबाऱ्यावर त्येच. आमच्याकडं घरात जेवढी पोरं तेवढी कर्त्याच्या नावावर, त्यात काय चुकलंय असं कुणाला वाटायचंच न्हाय. जल्माची तारीख गुरुजींनी एक जून टाकली. आमच्या गावातली समदी पोरं एक जूनलाच झाल्याती, शाळेचं रजिस्टर बगा.

मला हे कळलं ती चौथीत गेल्यावर. पोरीनं आपलं पुस्तक दावलं. तिचं नाव, फुडं तात्याचं नाव, मंग आडनाव. मी दुसरीपतोर शाळेत गेलेली, अक्षरं जुळवून वाचते. मालकास्नी म्हणलं, "आवो, पोरगी तुमची आन् नाव तात्याचं."

मालक म्हणलं, "नाव काय पोरीला खातंय व्हय? ऱ्हाऊ दे."

मी ऱ्हाऊ दिलं. ती माझी चूक.

फुडं पोरगी हुशार निघाली. बारामतीला ऱ्हाऊन बारावी केली, मंग लांबच्या सरकारी कॉलेजात डाक्टरकीला लागली. तवर आमी बी मेंढरं मोडली होती, धाकटी पोरगी गावातल्याच शाळेत होती. तलावाचं पाणी पाइपानं रानात आलं, समद्यांनी ऊस लावला, आमीबी लावला. घर एक, चूल एक, कर्ता एक.

आता एक रीत सांगाय पायजे, न्हायतर फुडचं कळायचं न्हाय. आमच्यात थोरल्या दिराच्या म्होरं बाई उभी ऱ्हात न्हाय. तोंड उघडून बोलणं तर न्हायच. पंचवीस वर्सं मी त्या घरात, पण तात्यांशी एक शबूद बोलले न्हवते. ते भायेरच्या सोप्यात बसलं की मी पदर ओढून आत. कायतरी सांगायचंच असलं तर मी शेळीला सांगायची. "व्हय गं शेळे, घरात मीठ संपलंय गं," असं. तात्या ऐकायचं आन् संध्याकाळी मीठ यायचं. समदं घर असंच चालायचं, कुणाला इचित्र वाटत न्हवतं. शेळीला बी सवय झालती, मान वर करून बगायची.

तर त्या वर्सी पोरगी सुट्टीला आली ती कागद घिऊन. कॉलेजनं चार पोरं निवडली होती, त्यात ही एक. बेटावरच्या मोठ्या दवाखान्यात दोन म्हैने काम शिकायचं. जाणं-येणं, ऱ्हाणं-खाणं त्येंच्याकडं. फकस्त घरनं बापाची सही पायजे, पोरीला पाठवाय आमची हरकत न्हाय अशी. आन् सही कुणाची? कॉलेजच्या कागदावर जो बाप, त्याची.

पोरीनं तात्यांपुढं कागद धरला. तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणलं, "दोन म्हैने समुद्रापल्याड? एकटी?"

"चौघं हाय की तात्या. दोन पोरी, दोन पोरं."

"पोरं बी हायती म्हण." तात्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठिवली. "सही करीन. पण आधी साखरपुडा. तुझ्या काकीच्या भावाचं पोरगं कारखान्यात चिकटलंय, त्येंनी दोनदा इचारलंय. अंगठी घालू, मंग कुठं जायचं तितं जा."

पोरगी आत आली, चुलीपाशी बसली. म्हणली, "आय, करू दे साखरपुडा. आल्यावर बगू काय करायचं ते."

"आल्यावर काय बगणार?"

"मोडू."

"मोडशील? तात्यानं शब्द दिल्यावर, अंगठी घातल्यावर, तू मोडशील? तुझ्या बानं आजवर तात्याचा एक शबूद मोडलाय का?"

मला कळत होतं, तिला जायचंय. एवढं जायचंय की त्यापायी ती गळ्यात काय बी बांधून घेईल. मी म्हणलं, "तू काय करू नगंस. भाकरी खा."

दोन दिसांनी काकीचा भाऊ आला, संग दोन मानकरी. सोप्यात पान-सुपारी चालली होती. मालक कोपऱ्यात खाली मान घालून, नेहमीसारखं. माझी जाऊ, म्हंजी पोरीची काकी, आत चहा गाळत होती, लै खुशीत. तारीख काढाय लागलं बाहेर. मी हातातलं पीठ पुसलं, आन् पदर डोक्यावर घिऊन सोप्यात गेले. आत न्हाय वळले. तात्यांच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायले.

"तात्या, तो कागद द्या."

तात्यांनी माझ्याकडं बगितलंच न्हाय. मालकास्नी म्हणलं, "तुझ्या बायकूला आत घे."

मालक हाललं न्हाय. ना इकडं ना तिकडं.

मी म्हणलं, "आत मी पंचवीस वर्सं हाय. आज भायेर बोलते. पोरीला सोयरिकीत बांधायची न्हाय. कागदावर सही करायची तर करा, न्हायतर कागद द्या."

आतनं जाऊ म्हणली, "आगं बाई! आता शेळीला सोडून माणसांशी बोलाय लागली व्हय?"

पाव्हणं हसलं. मला बी हसू आलं असतं, पण दातावर दात धरून उभी होते.

तात्या म्हणलं, अजून बी मालकाकडंच बगत, "म्या खाऊ घातली, म्या शाळंत घातली. कागदावर बाप म्या हाय."

"कागदावर हायसा. खाऊ घातलं ते बी खरं, ते मी कधी इसरणार न्हाय. पण जल्म मी दिलाय. साखरपुडा हुणार न्हाय."

तात्यांनी खिशातनं कागद काढला, माझ्या पायाशी टाकला. "जा. घिऊन जा. बगू कोण सही करतंय."

मी उचलला. खाली वाकताना पदर पडला डोईवरनं, तो तसाच ऱ्हाऊ दिला.

त्या दिवशी धाकटी सोडली तर आमी तिघं काय जेवलो न्हाय. संध्याकाळी गोठ्यात मालकास्नी म्हणलं, "उद्या पहिल्या एसटीनं इंदापूरला जायचंय. कचेरीत लिहून द्याय पायजे की पोरगी आपली हाय. तुमी आला तर बरं. न्हाय आला तर तितं सांगीन, बाप मेला."

मालक म्हणलं, "दादाच्या इरोधात?"

"तुमच्या पोरीच्या बाजूनं."

मी वाड्यातल्या त्या तीन बायकांस्नी निरोप धाडला. एक कळसला दिलेली, एक डाळजच्या रानात ऱ्हायची, तिसरी आमच्याच गावची. सकाळी पोरीला घिऊन फाट्यावर गेले तर तिघी बी हजर, डोईवर पदर, हातात भाकरीची गठुडी, जणू जत्रेला निघाल्यात. एसटी दिसाय लागली तवा मागनं मालक येताना दिसलं. धुतलेला पटका बांधलेला. एसटीत चढलं आन् माझ्या मागच्या बाकावर बसलं.

कचेरीच्या आवारात टाइप करणारं बसत्यात. त्येंच्यातल्या एकाकडनं पोरीनं कागद करून घेतला. मंग आत कारकुनापुढं उभं ऱ्हायलो. कारकून तरणाच होता, घामाघूम. म्हणला, "जन्माची नोंद कुठाय?"

"नोंद न्हाय. वाटंवर झाली."

"मग साक्षीदार लागतील. दोन पुरुष आणा, गावातले, जन्म माहीत असलेले."

डाळजची म्हातारी फुडं सरकली. "बाळतपणात पुरुष कशाला ये बाबा? तुझ्या बारीला होता का कुणी?"

मागं रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. कारकुनाचं कान लाल झालं. "आजी, नियम आहे तसा."

मी म्हणलं, "साहेब, गडीमाणसं तवा मेंढरं घिऊन पल्याडच्या डोंगरावर होती. जे तितं न्हवतंच त्येंनी काय साक्ष द्यायची? ह्या तिघी होत्या. ह्येंचं लिव्हा."

"काय बघितलं तुम्ही?" त्येनं कळसच्या बाईला इचारलं.

"समदं बगितलं. सांगू का?"

"नको नको," कारकून म्हणला. "कधी झाली तेवढं सांगा."

तितं तिघींचं भांडण लागलं. एक म्हणली, कोकणातली लोकं भाताच्या रानात राब भाजत होती, धूर होता समदीकडं. दुसरी म्हणली, धूर कसला, धुकं होतं. तिसरी म्हणली, त्याच दिवशी आपली काळी घोडी सुटली होती, ती ह्या बाळतपणापायी सापडली न्हाय. वीस-बावीस वर्सांमागची घोडी, अजून तिचा राग. कारकुनानं कपाळाला हात लावला. "अहो, शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे."

मी म्हणलं, "एक जून ऱ्हाऊ द्या साहेब. तारीख चुकीची चालंल. बाप तेवढा बरोबर लिव्हा."

तो हसला तवा मला कळलं, काम हुणार. त्येनं तिघींचं अंगठं घेतलं. मंग म्हणला, "वडील कोण?"

मालक मागं भिताडाला टेकून उभं होतं. मी वळून बगितलं न्हाय. मनात म्हणलं, आता बोल न्हायतर कधीच बोलू नगंस. मंग आवाज आला, "मी. मी बाप हाय तिचा."

भावाच्या शबदाभायेर ते पहिल्यांदाच पडलं होतं. त्येंनी अंगठा लावला आन् त्याच हातानं कपाळ पुसलं. शाई पटक्याला लागली.

"झालं," कारकून म्हणला.

"माझी सही ऱ्हायली."

"आईचा रकाना नाही बाई यात."

"न्हाय ना? मंग रकान्याच्या भायेर घ्या."

"तसं करता येत नाही."

"का? कागद फाटंल का? मला सही येते. दुसरीपतोर गेलेली हाय मी."

त्येनं पोरीकडं बगितलं. पोरगी म्हणली, "घेऊ द्या साहेब, ती हलायची न्हाय हितनं." मंग त्येनं कागदाच्या कडेला बोट ठिवलं. मी सही केली. वाकडी झाली, ओळीत बसली न्हाय, ओळच न्हवती तितं. साहेबाचा शिक्का त्यावरनं अर्धा आला.

कॉलेजच्या कागदावर बापाच्या जागी मालकांनी अंगठा लावला, आन् संग जोडलेला कचेरीचा कागद कॉलेजनं मानला. तितल्या मोठ्या बाईंनी पोरीला इचारलं म्हणं, ही कडंची सही कुणाची? ती म्हणली, आयची. बाई म्हणल्या, बरं.

आमी इंदापूरवरनं आलो तवा माझी भांडी अंगणात काढून ठिवली होती. तवा, परात, दोन तपेली, उखळ. तात्यांनी वेगळं काढलं. मालक भांड्यांकडं बगत उभं ऱ्हायलं. मी तीन दगडं आणलं, गोठ्याच्या कडंला चूल मांडली, आन् त्याच सांजंला भाकरी टाकल्या. जळण वलं होतं. धुरानं डोळ्यांतनं पाणी आलं. जाऊ लांबनं बगत होती, तिला वाटलं रडतीया. वाटू दिलं.

पोरगी गेली. बारामतीत बॅग घेतली, भिगवणवरनं पुण्याच्या गाडीत बसवली. फुडं मुंबई, विमान. मला विमानाचं काय ठावं न्हाय, मी गाडी वळणापल्याड जाईस्तोवर बगितली आन् गवताला गेले.

पयलं पत्र आलं ते मी दोन दिस वाचत होते. लिव्हलं होतं, आय, एवढं लांब आले आन् दवाखान्याच्या खिडकीतनं बगते तर ऊसच. डोंगरापतोर ऊस. फकस्त कडंला समुद्र आन् नारळं, पाऊस कवा बी येतो आन् कवा बी जातो. दुसरं लिव्हलं होतं ते मला लागलं. तितं घरटी साखरंचा आजार. लोकांच्या पायाला जखमा हुत्यात, भरत न्हाईत, मंग पाय कापावं लागत्यात. तितल्या डाक्टरांनी हिला पायांच्याच वॉर्डात घातली. सकाळपासनं सांजपतोर पाय धुवायचं, सडलेलं काढायचं, पट्टी बांधायची. दुसरं काय न्हाय.

पत्र पोस्टमन वाचून गेला होता का काय, गावात समद्यांना कळलं. जाऊ पाणवठ्यावर म्हणली, "पाय धुवायलाच जायचं होतं तर हितं काय कमी पाय हायती?"

मी म्हणलं, "तुमचं आना. ती आली की धुवून दील."

पण घरी आल्यावर मला बी वाटलं, एवढं भांडलो ते ह्यासाठी?

मंग एक दिवस सांगावा आला, पोरगी भिगवणच्या एसटीडीवर फोन करणार हाय, आईतवारी दुपारी. मी आन् मालक गेलो. हायवेवरच्या मासळीच्या हाटेलाशेजारी त्या पिवळ्या पाटीच्या खोक्यात घामानं भिजत बसलो. फोन आला. आवाज असा, जणू हिरीतनं बोलतीया. आन् बोलण्याआधी रडाय लागली.

"आय, मला माघारी यायचंय."

"काय झालं? कुणी काय केलं?"

"न्हाय, कुणी काय केलं न्हाय. माझं बोलणं त्येंना कळत न्हाय, त्येंचं मला. बाकीच्या तिघांस्नी ऑपरेशनला उभं करत्यात. मला नुसतं पाय. काल एका बाईचा पाय कापला, मी रोज पट्टी केलेला. ती माझा हात सोडंना." परत रडली. "सरांनी सांगितलंय, जायचं तर जा, तिकीट बदलून देतो."

मालक माझ्या तोंडाकडं बगत होतं. त्येंच्या डोळ्यांत लिव्हलेलं, ये म्हण तिला. माझ्या बी आतड्यात तेच होतं. पण आता आली तर तात्याच्या सोप्यात काय बोलत्याल ते मला ऐकू याय लागलं. आन् सोपा जाऊ दे. ती आपली आपल्याला काय म्हणंल?

मी इचारलं, "किती दिस ऱ्हायलं?"

"छत्तीस."

"मंग छत्तीस दिसांनी ये."

"आय..."

"ऐक. मेंढराचं खूर सडलं की आपुन काय करतो? किडं काढतो, धुतो, रोज. आठ-आठ दिस, पंधरा दिस. कळपामागं लंगडत येतं बिचारं, मंग एक दिवस नीट चालाय लागतं. समदी न्हाय चालत. काही मरत्यात. म्हणून तुझ्या बानं धुवायचं सोडलं का कधी? त्या बाईचा एक पाय गेला, दुसरा हाय न्हवं? तो बग."

पलीकडनं नुसतं घुर्रर्र. मला वाटलं फोन गेला. मंग म्हणली, "व्हय. दुसरा हाय."

"भाकरी मिळती का?"

"भात."

"भात खा. आन् रडू नगंस, फोन भिजतोय."

ती हसली. मालकास्नी दिला फोन. त्येंनी धरला, "हां, हां" म्हणलं, आन् ठिवला. वाटंत मला म्हणलं, "लै कडक हायस." मागनं ट्रक येत होतं, कडंकडंनं चालत एसटीच्या फाट्यापतोर आलो.

छत्तीस दिसांनी आली. काळी पडलेली, गालफडं बसलेली. ती पट्टी बांधलेली बाई शेवटच्या दिवशी एका पायावर कुबडी घिऊन फाटकापतोर आली होती, असं सांगत होती. दुसरा पाय ऱ्हायला होता.

तात्यांनी निरोप धाडला. पोरीनं पाया पडाय यावं. आन् तिच्या आयनं सोप्यात येऊन चुकलं म्हणावं, मंग परत एक चूल.

पोरीला म्हणलं, "तू जा. तुला त्येंनी खाऊ घातलंय, पाया पडाय पायजे."

ती गेली. मी गोठ्याच्या दारात होते, समदं ऐकू येत होतं. पाया पडली. तात्या घसा खाकरून म्हणलं, "तितं ऊस हाय म्हणं?"

"हाय की. लै."

"एकदा लावलेल्या उसाचा खोडवा किती येळा घेत्यात?"

"सात-आठ तरी घेत्यात तात्या."

"सात-आठ! काय बी सांगतीस." पण खुर्ची फुडं वढल्याचा आवाज आला. "बेणं कसलं? पाणी पाटाचं का पावसाचं?" आन् मंग दोघांचं जे लागलं ते तासभर. समुद्र, दवाखाना, डाक्टरकी, कशाचं काय इचारलं न्हाय त्येंनी. उसाचंच. जाताना म्हणलं, "तुझ्या आयला सांग. म्हणायचं नसंल तर नगं म्हणू काय. नुसती ये म्हणावं चुलीवर."

पोरगी निरोप घिऊन आली. मालकाचं तोंड उजळलं. त्येंना भावाबिगर जेवण जात न्हवतं, मला दिसत होतं ते. पोरगी बी म्हणली, "आय, तात्या एवढं खाली आल्यात तर चल की."

मी म्हणलं, "तुझ्या बाला जाऊ दे, रोज जाऊन जेवू दे. तू बी जा. मी भाकरी हितंच टाकणार."

"का पण?"

तिच्या मागं धाकटी बसली होती, नववीतली, वहीत गणित करत. मी तिच्याकडं बोट केलं. एक चूल झाली की कर्ता एक. कर्ता एक झाला की सही त्याची.